चोवीस धोट्यांचे फूल

सुताच्या रांगेत मी अकरावा होतो. लढाई संपून दीड वर्ष होत आले, तरी विणकराला सूत रांगेत उभे राहूनच मिळते. संक्रांत दोन दिवसांवर होती. शेजारचा महादू आमच्या वडगावाहून सायकल मारत आला आणि म्हणाला, "दादा, घरला चला." मी त्याला विचारले, माझा नंबर अर्ध्या तासात लागेल, सूत घेऊनच येऊ का? तो हँडल धरून उभा राहिला. "सूत असू दे की आता," एवढेच म्हणाला. तेव्हा मला समजले. सकाळी घरातून निघताना सगुणा भिंतीला टेकून बसली होती. पेजेचे सात चमचे पोटात गेले होते. मी पिशवी उचलली तेव्हा तिने हात वर केला, तो निरोपाचा होता की पिशवीचा बंद सुटलाय हे सांगण्यासाठी, ते मी थांबून पाहिले नाही.

उद्या त्याला बेचाळीस दिवस होतील. मी लिहिणारा माणूस नव्हे. माग चालवणारा आहे. चार इयत्ता झाल्या आहेत आणि मोजण्याची खोड आहे. जे झाले ते मोजून-मापून, जसेच्या तसे लिहितो.

सगुणा निपाणीची. तिच्या वडिलांचे तिथे दोन माग होते; पण घर तंबाखूच्या वखारींच्या मधे, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या बायकांसारखी तिलाही मशेरीची सवय लहानपणीच लागली. लग्न होऊन आली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, मी एकोणीस. सामानात एक पितळी डबी मशेरीची होती आणि डोक्यात वडिलांकडच्या सगळ्या काठांची गणिते. आमच्याकडे लुगड्याच्या काठावर रुईचे फूल काढतात. एका फुलाला चोवीस धोटे लागतात, म्हणजे आडव्या सुताचा धोटा चोवीस वेळा इकडून तिकडे टाकायचा, आणि दर धोट्याला काठाचे कोणते धागे उचलायचे व कोणते सोडायचे हे वेगळे असते. मी खड्ड्यात पाय सोडून माग चालवायचा आणि तिने काठाच्या अंगाला बसून आकडे बोलायचे. "दोन उचला, तीन सोडा, एक उचला..." अशी ती बोलत जायची आणि त्यावर माझा हात चालायचा. तिच्या तोंडात सगळे फूल होते. मला सत्तावीस वर्षांत ते पाठ झाले नाही, कारण पाठ करण्याची गरजच पडली नाही. मी चुकलो की ती आकडा थांबवून म्हणायची, "ध्यान कुठं हाय? वरल्या गल्लीत?"

तिचा आवाज खणखणीत होता. गोड म्हणता येणार नाही. पलीकडची शेवंता चुलीवर भात ठेवून आमच्या मागाकडे कान देऊन बसायची. तिच्या हिशेबाने तीन फुलांत भात शिजतो. एकदा भात करपला तेव्हा ती भांडायला आली, की आज तुमचं फूल लांबलं कसं म्हणून. सगुणा म्हणाली, "भात माझ्यावर सोडून झोपलीस व्हय गं? उद्यापास्नं आमटी बी मीच ढवळते." दोघी हसल्या. मी माग थांबवला नाही, पण मीही हसलो असेन.

गेल्याच्या आधीच्या गणपतीत तिचा आवाज बसला. आरत्या म्हणून बसला असे आम्ही धरले. दिवाळी झाली तरी उठला नाही. तिच्या भावाने निपाणीहून एका वैद्यांचा काढा आणून दिला. तो घेण्यात आणि हळद-मधाचे लेप लावण्यात तीन महिने गेले. ते तीन महिने मी वैद्यांच्या माथी मारत नाही. एका महिन्यात गुण नाही म्हटल्यावर थांबायला हवे होते, हे मोजता येणाऱ्या माणसाला कळायला हरकत नव्हती. माघात मिरजेला डॉक्टरांना दाखवायचे ठरले. माझे थोरले बंधू आप्पा बरोबर निघाले. घरातले मोठे तेच. डॉक्टरांपुढे चार शब्द बोलायला मोठे माणूस हवे, असे मलाही वाटले.

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर बोलत नाही. समोर आलीच तर पदर पुढे ओढून बाजूला होते. सगुणाने सत्तावीस वर्षांत आप्पांशी एक शब्द उच्चारला नव्हता. त्यांना ताट वाढायची, त्यांच्या आजारात काढा करून द्यायची, पण सगळे मुकाट्याने. आप्पांना तिचा आवाज ठाऊक होता तो फक्त भिंतीपलीकडून, आकडे मोजतानाचा.

डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला. गाठ स्वरयंत्रावर आहे, कॅन्सर आहे, पण अजून लहान आहे, असे त्यांनी सांगितले. दोन वाटा होत्या. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढून टाकायचे. मग जगण्याची आशा पुष्कळ, पण बोलणे कायमचे बंद, आणि श्वास गळ्यातल्या भोकातून. नाहीतर मुंबईला रेडियमचा उपचार घ्यायचा. आवाज बहुधा राहील, पण गाठ परत येण्याचे भय जास्त. मी विचारले, दहात किती? डॉक्टर जरा हसले आणि म्हणाले, "आकडा मी देणार नाही. तुम्ही आकड्यावर ठरवाल. यांना विचारा, घसा यांचा आहे."

आणि ते तिच्याकडे वळून थांबले.

सगुणा स्टुलावर बसली होती. आप्पा तिच्यापासून तीन हातांवर, पटका हातात घेऊन उभे होते. तिने पदर पुढे ओढला आणि फरशीकडे पाहिले. मी विचारले, "काय गं?" तिने मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, की 'इथं नको' अशी होती, हे मला तेव्हा कळले नाही आणि मी कळून घेतलेही नाही. तुम्ही म्हणाल ते, असा मी अर्थ लावला. तिच्या आवाजावाचून थांबलेला माग माझ्या डोळ्यांपुढे आला. ती मुकी होऊन काठापाशी बसली आहे आणि माझा हात उचलतच नाही... खरे सांगायचे तर मला तिची दया आली की माझी, हे मी अजून वेगळे काढू शकलेलो नाही. मी म्हणालो, "मुंबईला नेतो." एक फूल विणायला लागतो त्याहून कमी वेळात हे सगळे झाले.

आप्पांना पाच मिनिटे व्हरांड्यात बसा म्हणायला हवे होते. एवढेच काम होते.

मुंबईला जाण्याआधी आम्ही अकरा दिवस घरी होतो, हेही लिहिले पाहिजे. तेव्हा आप्पा मधे नव्हते. ती स्वयंपाक करत होती, मी माग चालवत होतो, बसक्या आवाजात ती आकडेही सांगत होती. अकरा दिवसांत मी तिला एकदाही विचारले नाही. ठरलेले आहे, आता घोळ नको, असे मनाशी म्हणत राहिलो.

मुंबईत आमच्या जातवाल्यांच्या एका खोलीत सहा आठवडे काढले. तिच्या गळ्याची कातडी काळी पडली, मग सोलली. घोट गिळताना ती माझे मनगट धरायची. तरी तिची थट्टा संपली नव्हती. खोलीच्या खिडकीतून समोर चार मजले दिसायचे. ते बघून म्हणाली, "एवढी माणसं एकावर एक. वरच्यानं पाणी सांडलं तर खालचा भांडतो कुणासंगं?" पाडव्याला आम्ही परत आलो आणि आठ दिवसांत तिचा आवाज सुटला. पूर्वीचा नव्हे, पण आवाज होता. शेवंताने पुन्हा फुलांवर भात लावला. मी गल्लीत सांगत फिरलो की आपला निर्णय बरोबर ठरला. आप्पांनाही सांगितले. हे शब्द मी तोंडाने बोललो आहे.

आषाढात आवाज पुन्हा उतरला. श्रावणात एका दुपारी तिला श्वास घेववेना. मिरजेला नेले, तेव्हा गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेली होती. श्वासासाठी त्यांनी गळ्याला भोक पाडले आणि आत नळी बसवली. त्या दिवसापासून तिचा आवाज गेला. जो वाचवण्यासाठी मी मुंबई गाठली, तो गेलाच. आधी दिला असता तर त्याच्या बदल्यात काही मिळण्याची आशा होती.

घरी आल्यावर मी माग बंद ठेवला. चौथ्या दिवशी ती उठली, काठाच्या अंगाला आपल्या जागी येऊन बसली आणि सूत संपलेली वेळूची एक कांडी उचलून मागाच्या खांबावर वाजवली. एकदा वाजली की उचला, दोनदा लागोपाठ वाजली की सोडा. किती धागे, ते डाव्या हाताच्या बोटांवर. मला समजायला अर्धा दिवस लागला. ती कपाळाला हात लावायची, मी चुकलो की कांडी माझ्या गुडघ्यावर मारायची. तिसऱ्या दिवशी आम्ही पूर्वीच्याच वेगाने विणत होतो. आठवड्याने मी मोजले, तर लुगड्यामागे चुका कमी झाल्या होत्या. पाच महिने आम्ही असे विणले. रोज कांडी वाजायची आणि रोज मला मिरजेतली माझी भीती आठवायची. ज्या गोष्टीवाचून चालणार नाही म्हणून मी ठरवले, तिच्यावाचून आठ दिवसांत चालू लागले होते.

दिवाळीच्या सुमारास सुनेला दिवस गेल्याचे कळले. पार्वती आमच्या एकुलत्या मुलाची बायको, घरात आमच्याबरोबरच असते. त्या दिवशी दुपारी मागावर आम्ही दोघेच होतो. मी धोटा खाली ठेवला आणि शेवटी विचारले की, मिरजेत तुला काय सांगायचे होते. ती ओठांनी बोलायची. सत्तावीस वर्षांच्या सवयीने मला ते वाचता यायचे. पहिल्यांदा तिने हात झटकला. मी पुन्हा विचारले.

"आवाज घिऊन काय चाटायचा हुता?" तिचे ओठ हलले. "नातवंड मांडीवर घ्यायचं हुतं मला."

मग मुंबईला जाण्याआधी का बोलली नाहीस, असे मी म्हणालो. त्या वेळी माझ्या आवाजात थोडा राग होता, त्याची आता लाज वाटते.

"चारचौघांत सांगून मोकळं झालासा की. आप्पांच्या म्होरं तुमचा शब्द खाली पाडू व्हय?" एवढे बोलून तिने कांडी उचलली आणि खांबावर एकदा वाजवली. उचला. आम्ही ते फूल पुरे केले.

ऑपरेशनने ती वाचलीच असती, असे मी म्हणत नाही. डॉक्टरांनी आकडा दिला नव्हता आणि मी मनाचा आकडा घालणार नाही. पण घसा तिचा होता.

बारावे-तेरावे झाल्यावर आप्पा रोज दुपारी येऊन आमच्या उंबऱ्याशी बसू लागले. एक दिवस मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी पटक्याचा सोगा सारखा केला. मग म्हणाले, "मी गेलो असतो की रं भायर. तू म्हनला न्हाईस."

मागावर एक लुगडे अर्धे होते. गेल्या सोमवारी मी पुन्हा बसलो. आप्पा उंबऱ्यात होते, पार्वती पदर घेऊन कोपऱ्यात कांड्या भरत होती. मी स्वतःशी आकडे बोलत दहा धोटे टाकले आणि अकराव्याला अडलो. दोन उचलायचे की तीन, आठवेना. हात तसाच राहिला. मागून खांबावर कांडी वाजली. एकदा. वळून पाहिले, तर पार्वतीने कोनाड्यातली सासूची कांडी घेतली होती, आणि डाव्या हाताची तीन बोटे दाखवत होती. पाच महिने ती चुलीपासून सगळे पाहत होती. आप्पा तिचे थोरले चुलतसासरे, त्यांच्यासमोर बोलायचे नाही, म्हणून तिने वाजवले.

मी आप्पांकडे पाहिले. काही म्हणण्याआधीच ते गुडघ्यावर हात टेकून उठले, वहाणा शोधल्या, एक सापडली, दुसरी पायरीखाली गेली होती ती काठीने ओढली, आणि गल्लीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांना इतकाच वेळ लागला.

"तोंडानं सांग, पोरी," मी म्हणालो.

ती आधी हळू बोलली, मग जरा मोठ्याने. "तीन उचला, दोन सोडा..." पलीकडे शेवंताच्या भांड्यांचा आवाज थांबला. चोवीस धोटे झाले, फूल पुरे झाले. पार्वतीने कांडी परत कोनाड्यात, पितळी डबीशेजारी ठेवली. पुढच्या महिन्यात ती माहेरी जाईल. तोवर मला आकडे पाठ करायचे आहेत. अकराव्या धोट्याला मी अजून थांबतो.