नानांनी सोडलेला रविवार

नाना गेल्याची बातमी फोनवरच आली, आणि तीही घरच्या साध्या फोनवर. त्यांच्या शेजारची मुलगी म्हणाली, "काका, नाना सकाळी उठलेच नाहीत..." त्याला आता महिना होऊन गेला. लोक भेटतात, तुमची जोडी फुटली म्हणून हळहळतात, आणि माझी मान खाली जाते. का जाते, ते नानांविषयी लिहिताना टाळता येणार नाही.

धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात आम्ही दोघं ट्रंक ऑपरेटर, परगावचे फोन हाताने जोडून देणारे. शिरपूरच्या कापूस व्यापाऱ्याला मुंबई हवी असायची, साक्रीच्या डॉक्टरला नाशिक, आणि सगळ्यांना आत्ताच्या आत्ता. आम्ही वैतागायचो, नाना मात्र कधी कुणावर खेकसले नाहीत. पुढे एसटीडी आलं, ट्रंक मागे पडली, आम्ही पेन्शनीत निघालो, तरी नानांची खात्यावरची भक्ती तसूभर हलली नाही. संध्याकाळी आम्ही पेन्शनर बसायचो तिथे एकदा कुणीतरी विषय काढला, की म्हणे इंटरनेटवरून अमेरिकेला स्वस्तात फोन लागतो. तशा फोनला सरकारची परवानगी नव्हती. नाना उसळलेच. ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याच्याच पोटावर पाय देणार का, असं त्यांनी सगळ्यांना खडसावलं. सर्वांत जोरात मान मी डोलावली.

नानांची मुलगी सुनंदा अमेरिकेत, माझा मुलगाही तिकडेच. घरच्या फोनवरून बोलायचं तर सणासुदीलाच परवडायचं. म्हणून मी रविवारी गुपचूप जळगावची एसटी धरू लागलो. धुळ्यात कुणी पाहिलं असतं. जळगावच्या एका बोळात चोरून असे फोन लावून देणारा एकच कॅफे होता. प्लायवूडची दोन खोकी, त्यात एकेक कॉम्प्युटर. मी हेडफोन लावून बसायचो. एका रविवारी फळीपलीकडून आवाज आला, "हॅलो, बोला, लाईन क्लिअर शे." हा आवाज मी उभी नोकरी शेजारी बसून ऐकला होता.

निघताना दारात गाठ पडलीच.

"भाऊ, तू आठे कसा?" नानांनी मला विचारलं.

"झेरॉक्स काढाले वनथू."

"मी बी," नाना म्हणाले.

धुळ्यात झेरॉक्सची दुकानं पैशाला पासरी, आणि आम्हा दोघांच्या हातात एक चिटोरंही नव्हतं. परतीच्या एसटीत शेजारी बसून आम्ही एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत पावसापाण्याचं बोललो.

त्यानंतर नाना तिथे दिसले नाहीत. चोरी उघडी पडली म्हणून खजील झाले असणार, असं मी ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एवढी मोठमोठी भाषणं देणारे नाना शेवटी आपल्यासारखेच निघाले, याचंही बरं वाटलं, आणि शेजारचं खोकं रिकामं झालं याचंही. कारण माझं बोलणं कुणी ऐकावं असं नव्हतं. मुलाचं नि माझं फाटलं होतं. त्याची आई गेली तेव्हासुद्धा तो आला नव्हता. मी दर रविवारी त्याची विनवणी करायचो, एकदा येऊन तोंड दाखव म्हणायचो. नेटवर आवाज अडखळत, उशिरा पोचायचा, म्हणून ओरडून बोलावं लागे. तो गप्प राहिला की मी मनाची समजूत घालायचो, उत्तर वाटेत असेल...

सुनंदा दहाव्याला आली. सगळं आटोपल्यावर तिने मला बाजूला घेतलं. बाबा रविवारचा फोन का बंद करून बसले, तुम्हाला ठाऊक होतं का, असं तिने विचारलं. तिला रविवारच्या त्या वेळेखेरीज सवड नसते. तिची लेक आजोबांसाठी फोनपाशी बसून राहायची. मी म्हटलं, त्यांना लाज वाटली असेल. सुनंदाने नकारार्थी मान हलवली. तिने दिवाळीत घरी फोन करून छेडलं होतं, तेव्हा नाना माझ्याविषयी म्हणाले होते, "भाऊनं बोलनं माले ऐकू येस. ड्युटीवर हेडफोन काढी ठेवता ये. तठे कान कोठे काढी ठेवू?"

लाईन जुळवून दिली की ऑपरेटरने बाजूला व्हायचं, लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, हा नियम होता. आम्ही बाकीचे चवीने ऐकायचो. तो नियम पाळायचे एकटे नाना.

"काय ऐकलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही," सुनंदा म्हणाली. "काका, तुम्ही बरे आहात ना?"

बरा आहे म्हटलं. लाजेने जीव नकोसा झाला होता. शेजारी कुणी नाही म्हणून मी त्या खोक्यात आवाज मोकळा सोडायचो, कधी रडायचोही. ती मोकळीक नानांनी नातीच्या आवाजावर पाणी सोडून मला दिली होती, आणि मी त्यांनाच मनातल्या मनात हसत होतो.

गेल्या रविवारी पुन्हा जळगावला गेलो. फोन लागला. मुलगा म्हणाला, "बाबा, माझा आवाज येतोय का?" अगदी स्वच्छ येत होता. येतोय म्हटलं, आणि या वेळी विनवणी न करता त्याला नानांचं सांगू लागलो.