दुसऱ्या शिफ्टचं पत्रक

पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात मी वाचायला शिकले ती वडिलांच्या पत्रकांवर. ते आणि माझे मूळचे धुळ्याचे मामा जळगावच्या एकाच डाळमिलमध्ये कामाला, पण दोघांचे पक्ष समोरासमोरचे. मागे मंदीत मिलची दुसरी शिफ्ट काही महिने बंद पडली, तेव्हा सरकार मामांच्या पक्षाचं होतं. वडिलांनी पत्रक काढलं: लोकशाही मेली आहे. मामा चहा ओतत म्हणाले, "बठ्ठा जगमा मंदी शे, दाजी. सरकार काय करी?"

यंदा पुन्हा तीच शिफ्ट बंद करण्याची नोटीस लागली. दोघंही त्याच शिफ्टला. फक्त आता सरकार वडिलांच्या पक्षाचं. जेवताना ते म्हणाले, "जगभर मंदी आहे. सरकार तरी काय करणार?" भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. मामा मात्र आता जिथे तिथे विचारत होते, "लोकशाही राहिलीच कुठे?"

गेटसभा ठरली. सगळे एकत्र उभे राहिले नाहीत तर शिफ्ट जाणार, हे दोघांनाही कळत होतं. दोघांचं एका मजकुरावर जमेना, म्हणून पत्रक मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: हे सरकार कामगाराचं ऐकत नाही.

"हे काढ, पोरी," वडील म्हणाले. "नाहीतर आमची माणसं येणार नाहीत."

"काढलंस तर आमची येणार नाहीत," मामा म्हणाले.

मी ते ठेवलं. पुढे जोडलं: आधीचंही ऐकत नव्हतं.

सकाळी गेटवर दोन घोळके होते, टपरीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. मी पत्रकं वाटली आणि दोन्ही घोळके माझ्यावर धावून आले.

"आम्हाला यांच्या पंगतीत बसवतेस?" वडील ओरडले. असा आवाज त्यांनी माझ्यावर कधीच चढवला नव्हता.

"तुम्हीच शिकवलं ना, दाजी? भोगा आता," मामा म्हणाले आणि तेही माझ्यावर तुटून पडले. उरलेली पत्रकं मी छातीशी घट्ट धरली.

गलका ऐकून मॅनेजर बाहेर आला. त्याला दिसली ती एका जागी जमलेली, खवळलेली अख्खी शिफ्ट. भांडण माझ्याशी आहे हे त्याला कुठून कळणार? "चार-पाच जण आत या," तो घाईघाईने म्हणाला. "बोलू."

वडिलांनी मामांकडे पाहिलं. "चला."

शिफ्ट बंद होणं टळलं, पण अर्धंच. दोन्ही शिफ्टनी आठवड्याआड काम करायचं ठरलं.

"आपलं सरकार आहे म्हणून मालक नरमला," वडील घरी समाधानाने म्हणाले.

"सरकारला घाम फोडला म्हणून," मामा उसळले. "याला लोकशाही म्हणता?"

काम दोघांचंही निम्मंच राहिलं होतं.

"रिकाम्या आठवड्यात कलेक्टर कचेरीवर जायचं," मी म्हणाले. "पूर्ण कामासाठी."

वडिलांनी संशयाने विचारलं, "पत्रकात काय लिहिशील?"

"आधी दोघं येणार का ते सांगा."