भेगेखालची वाडी आणि आमचे सर

महाडात पूर ओसरला की दुकानातला गाळ काढायला सगळं घर लागतं. काढून झाला, फरशी धुतली, उदबत्ती लावली, तरी दिवाळीत शटरच्या खाचेतून मूठभर निघतोच. आमच्या क्लायमेट प्रोजेक्टचे किस्से तसेच आहेत. संपले म्हणेपर्यंत कुठून तरी एक निघतो.

मी त्या प्रोजेक्टमध्ये ‘फील्ड असोसिएट’ होते. म्हणजे पुण्याहून आलेल्यांना वाट दाखवायची, गावातल्यांची समजूत काढायची आणि मधल्या वेळात दोघांसाठी चहा सांगायचा. विषय भारदस्त होता: बदलतं हवामान आणि महाड-पोलादपूरवर त्याचे होणारे परिणाम. प्रोजेक्टचे प्रमुख म्हणजे आमचे सर. हुशार माणूस, पण हो किंवा नाही हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. त्यांच्या हाताखाली कौस्तुभ, तो कॉम्प्युटरवर मॉडेल चालवायचा. आणि गाडी चालवायला आमचा दिनूभाऊ, बिरवाडीचा. पूर्ण टीममध्ये वेळेवर ब्रेक मारणारा तो एकटाच!

*

पहिल्या सर्व्हेला आम्ही वरंधच्या वरच्या अंगाला एका वाडीवर गेलो. नाव सांगत नाही, वाडीला आधीच कमी ताप नाहीत. जवळचं तळीये दरडीखाली गेलं तेव्हापासून तिथलं कोणी पावसात धड झोपत नाही. त्यात वाडीच्या मागे डोंगराला भेग पडलेली. माणूस आडवा झोपेल एवढी लांब नव्हे, अख्खी वरात झोपेल एवढी.

सरांनी इंदूकाकीच्या ओटीवर बसून प्रश्न वाचला, “पूर्वीच्या तुलनेत पाऊस अनियमित झाला आहे, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात? पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ...”

इंदूकाकी म्हणजे वाडीची तोंडाळ बाई. कोणी पुढे होत नसेल तिथे ती आधीच उभी असते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सायेब, माझा पण एक प्रश्न हाय. पावसात आमी हितं रावायचं का खाली उतरायचं? नोटीस तर दर वर्षी येते. पण आख्खा पावसाळा खालच्या शाळेत बसलो तर लावणी कोन करंल आनि ढोरं कोन बघंल? कवा उतरायचं तेवढं सांगा.”

सर चष्मा पुसत म्हणाले, “हा प्रश्न आमच्या प्रोजेक्टच्या स्कोपमध्ये येत नाही.”

काकीने डोंगराकडे बोट केलं. “मग त्याच्या स्कोपमधी आमी येतो का, तेवढं तरी बघा!”

सरांनी ‘तटस्थ’वर टिक केली.

*

त्याच वाडीच्या खळ्यात आम्ही पर्जन्यमापक बसवला. छान पांढरा डबा, आत पाऊस मोजायचं यंत्र. बसवला, फोटो काढले, नारळ फोडला आणि आलो. डबा कशासाठी आहे हे वाडीला सांगायचं राहिलं. म्हणजे मी सांगणार होते, पण सर म्हणाले, ‘अवेअरनेसचा टप्पा दुसऱ्या वर्षी आहे.’

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मे संपत आला की माणूस दिसेल ते झाकत सुटतो. लाकडं, गोवऱ्या, मोटरसायकल, देवळासमोरचा कट्टा, सगळ्यावर निळं प्लास्टिक!

भर पावसाळ्यात कौस्तुभ मला घेऊन यंत्रातला डेटा काढायला वाडीवर गेला. जाताना नखशिखांत भिजला. काकीच्या चुलीपुढे त्याचे मोजे वाळत होते, केसांतून लॅपटॉपवर थेंब पडत होते, आणि स्क्रीनवर आडवी सरळ रेष. पाऊस शून्य!

“इंटरेस्टिंग,” कौस्तुभ म्हणाला. “इथे लोकल ड्राय स्पेल दिसतोय.”

मी म्हटलं, “अरे, तू भिजलायस.”

“ते अनेक्डोटल आहे, पुरावा नव्हे.”

बाहेर जाऊन पाहिलं तर डब्यावर निळं प्लास्टिक, वर सुतळीच्या घट्ट गाठी. काकीचे यजमान कौतुकाने म्हणाले, “महागाचं दिसलं. तुमी उघडंच टाकून गेलात. म्हटलं, भिजंल बिचारं!”

मी गाठी सोडल्या. खाली उतरल्यावर सरांना फोन लावला तर ते म्हणाले, “आकडा तोवर ठेवा. नवीन काहीतरी असू शकतं.”

*

पोलादपुरात आम्ही ‘वाढत्या उष्णतेचा शेतीवरील ताण’ अशी कार्यशाळा घेतली. हॉटेलचा हॉल घेतला कारण त्याला एसी होता. त्या एसीचा रिमोट हरवलेला आणि तो सर्वांत थंड आकड्यावर अडकलेला. डोंगरातून उन्हात चालत आलेले शेतकरी आत येऊन बसले आणि हळूहळू आकसायला लागले.

सुदैवाने सत्काराच्या शाली होत्या. सरांनी भाषण लांबवलं तसा एकेकाने मागच्या गठ्ठ्यातून शाल ओढली. उष्णतेच्या लाटेची स्लाइड आली तेव्हा समोर सगळा हॉल शाली पांघरून, कानाला टॉवेल बांधून बसला होता!

सरांनी विचारलं, “आपल्या भागात काही बदल जाणवतो का?”

शेवटच्या रांगेतले एक आजोबा शालीतून तोंड काढून म्हणाले, “सकाळपासून लय फरक हाय. तुमच्या कामाला यश आलं!”

*

तुडीलला सावित्रीकाठी आम्ही ‘सहभागी नकाशा’ काढला. म्हणजे मोठा कागद जमिनीवर पसरायचा आणि गावानेच आपली नदी, शेत, घरं काढायची. कल्पना वाईट नव्हती. बायका रंगात आल्या. नदी काढता काढता एकीने पुराचं पाणी निळ्या खडूने रंगवलं ते देऊळ ओलांडून कागदाच्या काठापर्यंत नेलं.

कौस्तुभ घाबरून म्हणाला, “ताई, चौकटीच्या आत ठेवा ना प्लीज. स्लाइडवर बसणार नाही.”

तिने खडू त्याच्याच हातात दिला. “हा घ्या. जुलैत या आनि तिला सांगा.”

*

प्रोजेक्टचं ऑफिस महाडात बाजारपेठेजवळ घेतलं, तळमजल्यावर. घरमालकाने वरचा मजला दाखवला होता. पण कौस्तुभच्या मॉडेलप्रमाणे त्या इमारतीपर्यंत पूर येतच नव्हता, मग जिने कशाला चढायचे? भिंतीवर जुन्या पुराची रेघ होती, तिच्यावर आम्ही बॅनर लावला: ‘हवामान-सक्षम रायगड’. रेघ बरोबर झाकली गेली.

पुढे पाऊस लागला. नदी चढायला लागली तसं सगळ्या बाजाराने सामान माळ्यावर चढवलं. शेजारच्या किराणावाल्या शेठने आमच्या दारातून विचारलं, “तुमचं काही उचलायचं का? पोरं आहेत.”

कौस्तुभ लॅपटॉप फिरवून त्याला नकाशा दाखवायला लागला. “शेठ, हे आपलं लोकेशन. या पिक्सेलमध्ये पाणी येत नाही.”

शेठने खाली पाहिलं. कौस्तुभची चप्पल तरंगत टेबलाखालून निघाली होती.

“मग तो पिक्सेल तेवढा माळ्यावर टाका,” शेठ म्हणाला. “भिजायचा!”

दोन कपाटं, प्रिंटर आणि सर्व्हर गेला. सरांनी पुण्याहून फोन करून विचारलं, “पाण्याची उंची मोजली का?” आम्ही जिवंत आहोत का हे विचारायचं राहिलं.

*

मग आली सूचना प्रणाली. या एका गोष्टीची वाडी खरंच वाट बघत होती. मीच काकीला सांगून आले होते, की आता मेसेज येईल, मेसेज आला की उतरायचं. काकीने मोबाईलसाठी नवीन पिशवी शिवली.

वाडीवर रेंज नाही. हे दिनूभाऊला माहीत होतं, मला माहीत होतं, वाडीतल्या कुत्र्यांनाही माहीत असावं. रेंज एकाच ठिकाणी यायची, मागे डोंगरावर एका कातळापाशी. आणि तो कातळ कुठे? भेगेला लागून!

मी मीटिंगमध्ये सांगितलं. सर म्हणाले, “म्हणजे कनेक्टिव्हिटी आहे.” रिपोर्टात तसंच लिहिलं: उपलब्ध.

हे काकीला सांगायला मीच गेले. तिने शांतपणे विचारलं, “म्हंजे डोंगर येतोय का ते बघायला डोंगरावं चढायचं?”

तिने पिशवीत मोबाईलच्या जागी सुपारी ठेवली. खरं सांगते, त्या दिवशी मला आमच्या सगळ्या टीमची शरम वाटली आणि मग इतका राग आला, की परतताना गाडीचं दार मी एवढं आपटलं, दिनूभाऊ दचकला. पाऊस तोंडावर आला होता आणि काकीचा प्रश्न होता तिथेच होता. राहायचं की उतरायचं?

*

आता शेवटचा.

त्याच वर्षी जुलैत सरांना प्रोजेक्टचा व्हिडिओ हवा होता. पार्श्वभूमीला हिरवा डोंगर, धुकं, पुढे समाधानी गावकरी. आम्ही दुपारी वाडीवर पोचलो. पाऊस मध्यम होता. दिनूभाऊने रस्ता संपतो तिथे गाडी लावली, सरांच्या कॉलरला माईक लावला आणि तो परत गाडीत जाऊन बसला. मी मोबाईल स्टँडवर चढवला, आवाज तपासायला कानात हेडफोन घातला. ओटीसमोर सगळी वाडी जमली.

सर बोलायला उभे राहिले तशी काकी पुढे आली. “आधी माझ्या प्रश्नाचं सांगा. आज लावणी टाकून उतरायचं का रावायचं?”

कॅमेरा चालू होता, त्यामुळे सरांना हसावं लागलं. “काकी, विज्ञानात असं हो किंवा नाही सांगता येत नाही. शक्यता असतात. अनिश्चितता असते. उताराची स्थिती, मातीतला ओलावा, पावसाची तीव्रता, या सगळ्याचा एकत्रित...”

तेवढ्यात पाऊस धाडकन वाढला. मागच्या वहाळाचं पाणी बघता बघता चहाच्या रंगाचं झालं. वरून दोन धोंडे खडखडत आले आणि गोठ्यामागे थांबले.

सरांनी वाक्य पूर्ण केलं नाही. त्यांनी डोंगराकडे एकदा पाहिलं, धोतर असतं तर खोचलं असतं अशा आवेशात पँट वर ओढली आणि गाडीकडे धावत सुटले. बॅग राहिली, छत्री राहिली, मी राहिले! माईक कॉलरला तसाच. त्यामुळे लांब गेल्यावरही त्यांचा आवाज माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये स्पष्ट येत होता, “दिनू, फिरव गाडी! अरे मरायचंय का इथं? फिरव आधी!”

वाडीत कोणी हललं नाही. गाडी वळणाआड गेली. काकी एकदा त्या वळणाकडे आणि एकदा डोंगराकडे बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, “बघितलंव ना? ढोरं सोडा.”

म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, पोरांना पुढे घातलं, चुलीवरचा भाताचा टोप तसाच उचलला आणि अख्खी वाडी सरांच्या टायरच्या खुणा धरून खाली शाळेत आली. मीही त्यांच्याबरोबर चालत आले. संध्याकाळी वरची माती सुटली. काकीचा गोठा आणि अर्धी ओटी गेली. तेव्हा तिची ढोरं शाळेच्या मैदानात उभी होती आणि ती मला चहा देत होती. मी रडले. ती नाही रडली.

सरांच्या अंतिम अहवालात एक चौकट आहे, फोटोसह: ‘शास्त्रज्ञांनी वेळेवर दिलेल्या सूचनेमुळे संपूर्ण वाडीचे सुरक्षित स्थलांतर.’ त्यावर त्यांना एक ट्रॉफीही मिळाली.

पुनर्वसनाची जागा अजून मोजणीतच आहे, त्यामुळे पाऊस ओसरल्यावर वाडी पुन्हा वर गेली. यंदा मे संपताना काकीचा फोन आला. मागे वारा ऐकू येत होता, म्हणजे कातळावर चढून केला असणार.

“ताई गो, सरांना पाठव ना. पावसाळाभर रावूं दे आमच्याकडं. भाकरी आमी घालू, मच्छी घालू, कसली कमी नाय पडायची.”

मी सरांना निरोप दिला. सर खुर्चीत मागे रेलले आणि रुमालाने ट्रॉफी पुसायला लागले. “बघ,” ते म्हणाले, “याला म्हणतात कम्युनिटीचा विश्वास. पैशाने मिळत नाही हा. सांग त्यांना, चार दिवस नक्की येतो.”

काकीचा पुन्हा फोन आला तेव्हा मी कळवलं.

“येतायत ना? मंग झालं,” काकी म्हणाली. “त्यांची खाट मागल्या पडवीत टाकते, भेगेच्या अंगाला. आनि दिनूला सांग, गाडी तोंड खाली करून लाव.”