तिच्या सॅकमधली बडीशेप

परवा डोंबिवलीतल्या एका खानावळीत जेवून उठलो, गल्ल्यावरच्या वाटीतली भाजकी बडीशेप तोंडात टाकली आणि नऊ वर्षांपूर्वीची अंटार्क्टिकातली एक चढण आठवली.

त्या छोट्या जहाजाचं बुकिंग माझ्या आणि माझ्या बायकोच्या, सुनीताच्या नावावर होतं. निघायच्या चार महिने आधी ती गेली. तिच्या जागी आमची मुलगी गौरी आली आणि सुनीताची सॅक मी पाठीला लावली.

किनाऱ्यावर उतरण्याआधी प्रत्येकाचे खिसे आणि पिशव्या व्हॅक्यूमने साफ करत. बाहेरचं एकही बी तिथल्या जमिनीवर पडता कामा नये, असा नियम. सॅकच्या आतल्या कप्प्यात एक पुडी निघाली, सुनीताने घरी भाजलेल्या बडीशेपेची. जहाजावरच्या माणसाने नळी पुढे केली.

"बाबा, दे ना, मागे रांग लागलीय," गौरी म्हणाली. मग पुडी ओळखून हळूच म्हणाली, "आई असती तर आधी त्यालाच चिमूटभर दिली असती."

मी सगळी पुडी तोंडात रिकामी केली. तेव्हा वाटलं, नळीपासून वाचवली. तिच्या हातची शेवटची बडीशेप आपणच संपवली, हे आता कळतं.

पेंग्विनांच्या वस्तीकडे बर्फातून चढताना मी नाकावर मफलर घेतला होता. प्रत्येक श्वासाला तोच वास येत होता, जेवणानंतर ती शेजारी येऊन बसायची तेव्हा यायचा तसा. मी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे गौरीच होती.

वर पोचल्यावर पेंग्विन नीट दिसावेत म्हणून मफलर खाली केला. पुन्हा वर ओढला, तेव्हा फक्त ओल्या लोकरीचा वास उरला होता.