बाबांनी लॅपटॉप हलवून पाहिला

शिरोड्याला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायला मिळावं म्हणून मी वर्षभर साहेबांच्या मागे लागले होते. ते एकदाचं मिळालं आणि जुन्या लॅपटॉपने माझी लाज काढायला सुरुवात केली. त्याची बॅटरी जेमतेम पाऊण तास टिकायची, आणि आमच्याकडे एक झावळी तारेवर पडली की वीज गेलीच म्हणून समजा. तिसऱ्यांदा मी मीटिंगच्या मध्येच पडद्यावरून नाहीशी झाले, तेव्हा साहेब म्हणाले, "पुन्हा असं झालं तर इथेच येऊन बसा." परत पुण्यात खोली घेऊन राहायची माझी मुळीच तयारी नव्हती.

मग मी हट्टाने नव्या लॅपटॉपच्या शोधाला लागले. बॅटरी दिवसभर चालली पाहिजे, मेमरी सोळा जीबी हवी, कीबोर्ड असा हवा की दिवसभर कोड लिहूनही बोटं कुरकुरणार नाहीत. आणि वजनाला हलका, कारण महिन्यातून तीन दिवस पुण्याला हजेरी लावावी लागते आणि आंबोलीमार्गे जाता-येता जुन्या यंत्राने माझा खांदा पार कामातून घालवला होता. आठ दिवस रिव्ह्यू वाचून डोकं भणाणलं, पण एक सापडला. वजन सव्वा किलो, बॅटरी बारा तास.

कुडाळच्या दुकानात बाबाही आले. बाबांचा जन्म नारळाच्या व्यापारात गेला. नारळ तळहातावर तोलायचा, कानाशी हलवायचा, हलका लागला की बाजूला टाकायचा. दुकानदाराने लॅपटॉप पुढे केला. मी कीबोर्डला हात लावायच्या आत बाबांनी तो उचलला, तोलला आणि कानाशी नेऊन चांगला गदागदा हलवला.

"अवो काका, तो नारळ न्हय!" दुकानदार ओरडलाच.

"म्हायत आसा माका," बाबा शांतपणे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ह्येच्यात कायच नाय गो. पोकळ आसा." मग गेम खेळणाऱ्यांसाठी ठेवलेल्या तीन किलोच्या धुडाकडे बोट दाखवलं. "ह्यो घे. वजन आसा ह्येका."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. भर दुकानात आम्ही भांडलो. शेवटी मी हलकाच घेतला आणि बाबांनी तोंड फुगवलं.

परतीच्या एसटीत ते माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसले. मीही खोका मांडीवर घेऊन दुसरीकडे तोंड केलं, आमच्या घरात माघार घ्यायची सवय कुणालाच नाही. वेंगुर्ला सोडल्यावर खिडकीबाहेर बघतच त्यांनी विचारलं, "ह्यो हलको घेवन तू परत पुण्याक रवाक जातलंस मा?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. हा माणूस मनात एवढी भीती घेऊन दुकानात उभा होता, आणि मी त्याला अडाणी ठरवून मोकळी झाले होते. स्वतःचीच लाज वाटली.

"बाबा, पुण्याक बारा तासांची बॅटरी कित्याक व्हयी? थंय लाइट जाणा नाय," मी म्हटलं. "ह्यो मी हंय रवाक घेतलंय."

त्यांनी माझ्या मांडीवरचा खोका स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. पुढच्या थांब्यावर ओळखीचे एक गृहस्थ चढले. त्यांनी खोक्याकडे बघून काही विचारायच्या आतच बाबांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगून टाकलं, "चेडू आता घराकच रवतला."