साठे काकांचा रिमोट

राग आला की काही जण भांडी आपटतात, मी किस्से सांगते. आमच्या कुवेतमधल्या शुक्रवारच्या पिक्चर-ग्रुपने मला शाळेपासून इतका राग आणलाय की किश्शांना तोटाच नाही. एक सांगून संपत नाही तोवर दुसरा मागे उभाच असतो.

दर शुक्रवारी दुपारी जेवणं उरकली की बनेद अल-गारला साठे काकांच्या हॉलमध्ये आठ-दहा मराठी कुटुंबं जमायची. साठे काका तेलाच्या प्लांटवर सेफ्टी इंजिनिअर. सेफ्टीचं तत्त्व त्यांनी घरीही आणलं होतं. कुठलाही पिक्चर आधी तीन काकांची कमिटी बघणार, धोक्याच्या जागा कागदावर लिहिणार, आणि शुक्रवारी त्या जागा आल्या की साठे काका रिमोटने पिक्चर पुढे पळवणार. कमिटीत साठे काका, त्यांच्या ऑफिसातले एक काका, आणि तिसरे माझे बाबा.

हे सगळे किस्से मी शाहीनला सांगायचे. शाहीन श्रीवर्धनची, बनेद अल-गारमध्येच चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. पुण्यात कॉलेज संपवून मी परत आले, इथे ऑफिसात चिकटले आणि तिच्याकडे चष्मा करायला गेले. नंबर मिळाला, चष्मा मिळाला, तरी मी आठ महिने त्या दुकानात जात राहिले. आता ती लग्नासाठी कायमची परत जाणार होती. जायच्या आधी तिच्याबरोबर एक पिक्चर, एकच, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा, एवढंच मला हवं होतं.

*

पहिला किस्सा व्हिडिओ कॅसेटच्या काळातला. मी सातवीत होते. काकांनी धोक्याच्या जागा व्हीसीआरच्या काउंटरवरच्या आकड्यांनी लिहून ठेवल्या होत्या. पण गुरुवारी त्यांचा व्हीसीआर बिघडला आणि आमच्याकडचा आणला. दोन्हींचे आकडे जुळत नाहीत, हे तीन इंजिनिअरांपैकी एकालाही सुचलं नाही.

झालं असं, की आईचं पत्र वाचणारा जवान पुढे पळाला, देवळातली आरती पुढे पळाली, हिरोच्या वडिलांचा मृत्यू तर दोन सेकंदांत आटोपला. आणि मग काकांनी समाधानाने रिमोट मांडीवर ठेवला, तेव्हा नेमकी पळवायची राहिलेली हिरॉइनची आंघोळ सुरू झाली. पूर्ण, संथ, गाण्यासकट.

काका कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, "कागदाप्रमाणे ही आरती आहे."

*

दुसरा किस्सा सांगताना मला अजून हसू येत नाही.

एका हिंदी पिक्चरमध्ये व्हिलन हिरोच्या बहिणीला गोडाऊनमध्ये ओढून नेतो. तो सगळा प्रकार काकांनी एक सेकंदही न पळवता दाखवला. समोर सतरंजीवर आम्ही आठ मुली बसलो होतो. प्लेटमधून बटाटेवडे फिरत होते. ती बिचारी किंचाळतेय, आणि मागून कुणीतरी चटणी मागतंय.

पुढे हिरोने हिरॉइनला जवळ घेतलं, तीही हसत जवळ आली, आणि पिक्चर सुसाट पुढे.

घरी जाताना गाडीत मी बाबांना विचारलं, "मारझोड करून केलं तर चालतं, आणि तिला आवडत असलं तर नाही?"

बाबा म्हणाले, "ती कथेची गरज होती."

"आणि हे?"

"खिडकी वर कर, धूळ येतेय."

*

तेव्हा भारतातून येताना इथल्या विमानतळावर कस्टमवाले कॅसेट ठेवून घेत. तपासून परत देत. एकदा माझ्या मावसबहिणीच्या लग्नाची कॅसेट अशीच राहिली. काही दिवसांनी बाबा गेले, सही केली, घेऊन आले. एकही मिनिट कमी नव्हतं.

मग ती कॅसेट कमिटीकडे गेली. शुक्रवारी बघतो तर वरातीत माझी दुसरी बहीण नाचते तो भाग पुढे पळवला. "पोरगी जरा जास्तच नाचलीय," काका म्हणाले.

ही गोष्ट ऐकून शाहीन काउंटरवर डोकं टेकून हसली. "म्हणजे सरकारच्या हातून सुटली आणि साठ्यांच्या हातात सापडली."

*

पुण्याहून परतल्यावर मी पहिल्याच महिन्यात जाहीर केलं, की मलाही कमिटीत बसायचंय. समाजशास्त्रात एम. ए. झालेय, चोवीस वर्षांची आहे, स्वतःच्या व्हिसावर राहते.

साठे काका फार गोड हसले. त्यांचं ते हसू बघून मला नेहमीच काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. "अगं मधुरा, मुलींनी असलं काय काय बघत बसायचं?"

"तुम्ही बघता तेच."

"आम्ही बघतो ते तुम्हाला बघायला लागू नये म्हणून."

तिन्ही काकांच्या चेहऱ्यावर इतका त्याग होता, की हॉलमध्ये कुणीतरी "खरंय" म्हणालं.

*

आता खरा प्रकार. ऑफिसातली एक लेबनीज मैत्रीण सुट्टीहून आली आणि येताना तिने मला एक डीव्हीडी दिली. स्पॅनिश पिक्चर, खाली इंग्रजी अक्षरं. बोट रद्द झाल्यामुळे एका बंदराच्या गावात दोन अनोळखी बायका अडकतात. हॉटेलात एकच खोली शिल्लक. रात्रभर बोलतात, खोटं बोलतात, खरं बोलतात, प्रेमात पडतात. सकाळी बोट लागते. एवढीच गोष्ट.

शाहीनचं तिकीट आलं होतं. पुढचा गुरुवार. ती राहायची त्या भाईच्या घरी, जलीबला, दोन खोल्यांत सात माणसं. आमच्या घरी आई दिवसभर हॉलमध्ये. कुठे बघायचा याचा विचार करत मी ती डिस्क दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले, आणि तिसऱ्या दिवशी बाबांना गाडीची किल्ली हवी होती म्हणून त्यांनी पर्स उघडली.

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. डिस्क शर्टच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "बाहेरून आलेली डिस्क आधी कमिटीकडे जाते, तुला माहीत आहे."

"ती माझी आहे. ग्रुपची नाही."

"मग तर नक्कीच."

साधा पिक्चर कमिटी एकदा बघते. हा तिघांनी तीन संध्याकाळी बघितला. मी विचारलं, तीनदा कशासाठी? बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "विषय नाजूक आहे. नीट समजून घ्यावा लागतो."

*

शुक्रवारी शाहीनला घेऊन गेले. निदान जे उरलं असेल ते तरी शेजारी बसून बघू, असं मनाला समजावत. एका काकूंनी तिला वडी देत विचारलंच, "तुमच्यात असले पिक्चर बघतात का गं?"

"आमच्यात रिमोट भाईकडे असतो, काकू," शाहीन म्हणाली आणि वडी घेतली.

पिक्चर सुरू झाला. समुद्र, धुकं, तिकीट खिडकीवर दोन बायका. एक दुसरीला म्हणते, "तुमची छत्री." हॉटेलचा जिना. खोलीचं दार उघडतं.

काकांनी बटण दाबलं.

दार बंद झालं, दिवे लागले, विझले, दोघी पळाल्या, बसल्या, उठल्या, मुंग्यांसारख्या. सकाळ झाली. काकांनी बटणावरचं बोट उचललं. धक्क्यावर एक जण हमसून हमसून रडत होती, आणि दुसरी बोटीत चढत होती. पाटी आली. संपला. एकूण एकोणीस मिनिटं.

मग पुढे बसलेल्या दहा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "बट अंकल, दे जस्ट मेट. व्हाय इज शी क्रायिंग?"

साठे काकांनी रिमोट बाजूला ठेवला. "झोप झाली नसेल, बेटा."

मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बघा. स्वच्छ केला की किती छान पिक्चर आहे. मैत्रीवरचा."

माझे बाबा मान डोलवत होते. शाहीनने सतरंजीवर माझा हात घट्ट धरला होता, मी उठून काही बोलू नये म्हणून. आठ महिन्यांतली माझी एकमेव इच्छा त्यांनी एकोणीस मिनिटांत उरकली, आणि वर चहा विचारला.

*

कप आत ठेवायला गेले तर मालती काकू, साठे काकांच्या बायको, सिंकपाशी उभ्या होत्या. पंचवीस वर्षं ग्रुप त्यांच्या घरी जमतोय, पण त्यांना हॉलमध्ये बसलेलं मी कधी बघितलेलं नाही. नळ मोठा सोडून त्या म्हणाल्या, "मी पूर्ण बघितलाय तो."

"कधी?"

"कमिटी बसली होती तेव्हा. आधी पाणी दिलं. मग चहा. मग चहा गार झाला म्हणून दुसरा. मग चिवडा, मग बशा उचलायला. तीन दिवस. ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे कुणी बघत नाही, मधुरा. पंचवीस वर्षांत मी एकही पिक्चर अर्धा बघितलेला नाही."

काकूंनी माझ्या हातातले कप घेतले.

"त्या पोरीचं तिकीट कधीचं आहे?"

"गुरुवारचं."

"मंगळवारी या दोघी. हे साडेसहालाच प्लांटवर जातात."

मंगळवारी मी ऑफिसात ताप कळवला. शाहीनने भाईला सांगितलं, दुकानातलं सामान आणायचंय. दहा वाजता पोचलो. काकूंनी डिस्क आधीच लावून ठेवली होती, पडदे ओढले होते, दोन ग्लास सरबत झाकून ठेवलं होतं.

"मी कोथिंबीर घेऊन येते," त्या म्हणाल्या.

"काकू, तुम्हीही बसा ना," शाहीन म्हणाली.

"नको गं. मला शेवट पटला नाही. पत्तासुद्धा घेत नाहीत एकमेकींचा." चपला घालता घालता त्या थांबल्या. "बाहेरून कुलूप लावून जाते. कुणी आलंच तर घरात कोणी नाही म्हणून परत जाईल."

किल्ली फिरल्याचा आवाज झाला.

पिक्चर पावणेदोन तासांचा होता. काकू तीन तासांनी आल्या. बाहेर जुलैचं ऊन. आल्या आणि किल्ली जवळ असूनही त्यांनी आधी बेल वाजवली.

आम्ही दाराशी गेलो. आतून उघडता येणार नव्हतं, म्हणून मी दाराच्या भिंगातून बघितलं. काकूंच्या हातात कोथिंबिरीची पिशवी नव्हती. किल्ली मुठीत धरून, दाराकडे पाठ करून त्या जिन्याकडे बघत पहाऱ्याला उभ्या होत्या. पाच मिनिटं झाली तरी त्या वळल्या नाहीत.