अक्काला दिलेली झोपेची डबी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — देवासमोर तर मी कायम घाईतच असतो. तुम्हाला सांगतो. पण जरा सावकाश सांगू द्या. खरं बोलायची सवय नाही मला.

परतूरच्या मोंढा बाजारात माझं बियाण्याचं दुकान आहे. माझ्याकडची सरकी पेरली की बोंडं वेचायला शिडी लागते, असं मी सांगतो. लोक हसतात, पिशवी उचलतात. त्यात कुणाचं काय बिघडतं?

असंच एकदा एका ओळखीच्या एजंटानं मला कॅप्सूलची डबी दिली. ट्रिप्टोफॅन. अमिनो आम्ल म्हणे — दुधात, शेंगदाण्यात असतंच. शरीर त्याच्यापासून झोपेचं, मन शांत ठेवायचं रसायन बनवतं. झालं! दुसऱ्या दिवसापासून दुकानात येईल त्याला माझी स्वप्नं सांगणं सुरू. कापसाचा एक ढग दारात येऊन बसलाय, मी त्यावर आडवा पडलोय, आणि ढग तरंगत निघालाय — खाली रेल्वे मुंगीएवढी, शेतं गोधडीच्या ठिगळांसारखी, आणि आपली गेलेली माणसं बांधाबांधावर उभी राहून हात हलवताहेत...

वाटूरला माझी थोरली बहीण असते, अक्का. दाजी गेल्यापासून तिचं मन विझलं होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी उदासीवर गोळी दिली, आणि ती लागू पडली. अक्का पुन्हा बोलू लागली, शेजारणींशी भांडूही लागली. झोप तेवढी हलकी. माझं ढगाचं स्वप्न ऐकून ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग हळूच म्हणाली, "आरं बापू, तसल्या ढगावर मला बी बसव की. तुझे दाजी दिसतील एखांद्या वक्ती."

दिली मी डबी. "बिलकुल बेफिकीर घे अक्का, मी रोज घेऊन राह्यलो."

इथं थांबतो जरा. त्यातली एकही कॅप्सूल मी कधी गिळली नव्हती. आणि डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं — मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वाचलं होतं मी. गोष्टीत बसत नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

थोड्याच दिवसांत अक्का थरथरायला लागली. घामानं निथळत होती, छाती धडधडत होती. जालन्याला नेताना जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून बडबडत होती, "ढग लई जोरानं पळून राह्यला बापू. धर मला." बाहेर दुपारचं ऊन असं पसरलं होतं, जणू सगळा मुलूख झोपेत आहे. तिच्या उशाखालून उचललेली डबी माझ्या खिशात होती.

डॉक्टरांनी विचारलं, गोळीशिवाय आणखी काही घेत होत्या का? भोवती सगळं गणगोत. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "न्हाई साहेब. आमच्यात तसलं काई नसतं."

पुढं एका औषधवाल्यानं मला समजावलं — काहींना ट्रिप्टोफॅननं झोप लागतेही. पण उदासीची ती गोळी आणि ही कॅप्सूल, दोन्ही शरीरात एकच रसायन वाढवतात. दोन्ही मिळून जीवावर बेतू शकतं.

अक्का वाचली. पण गोळीच सोसली नाही असं ठरलं, आणि गोळी बंद झाली. आता ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. सून ताट ठेवते, ताट तसंच परत जातं. "मला गोळी मानवत न्हाई बापू," म्हणते, आणि डोळे मिटते. झोपत मात्र नाही.

आणि बघा — आत्ताही मी तुम्हाला कमीच सांगितलं. डॉक्टरांनी नंतर मला एकट्याला व्हरांड्यात बोलावलं होतं. म्हणाले, गोळीचा गुण येत होता हो, बंद करायला मन होत नाही. नीट आठवून सांगा. तिथं गणगोत नव्हतं. अक्काही नव्हती. मंग कुणाला भ्यालो मी?

"बराबर आठवतंय साहेब," मी म्हणालो. "काईच न्हाई."

त्यांनी पेन काढलं आणि कागदावर गोळीच्या नावावर रेघ मारली. मी बघत उभा होतो.